जुना घडीचा चाकू: ओळख कशी पटवायची, किंमत कशी ठरवायची

घडीचा जुना चाकू हाती आला की बहुतेक जण पहिल्या तासाभरातच त्याची किंमत घालवून बसतात. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला असो की पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचललेला, आधी ब्रासो, मग पॉलिश पेपर, शेवटी सायकलवरच्या धारवाल्याकडून चार फेरे. पातं चकाकतं, पण त्याबरोबर मूळ फिनिश जातं, ठशाची अक्षरं बुजतात, पात्याची रुंदी घटते. यातलं काहीच परत आणता येत नाही. म्हणून पहिला नियम असा, की ओळख पटेपर्यंत कापडाने धूळ पुसण्यापलीकडे काहीही करायचं नाही.

दुसरा नियम या सगळ्या विद्येचा पाया आहे. चाकूचा प्रत्येक भाग वेगवेगळा तपासायचा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तू कोणत्या काळातला? ठसा, पोलाद, मूठ, खिळे, स्प्रिंग या सगळ्यांची उत्तरं जुळली तर चाकू अस्सल. एकाचं जरी उत्तर वेगळं आलं, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा कुणीतरी बनवाबनवी केली आहे.

हाताशी काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, छोटं चुंबक, बारीक झोताची टॉर्च, लाकडी टूथपिक, कानाच्या काड्या, टाल्कम पावडर आणि शिवणयंत्राचं तेल. कॅलिपर आणि चुंबक रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात. भिंग घड्याळवाले वापरतात तसलं घ्या, स्टेशनरीच्या दुकानातलं नको. सँडपेपर, पक्कड आणि ग्राइंडर या कामात लागत नाहीत.

आधी भागांची नावं

पात्याचा जो जाड, बिनधारेचा भाग मुठीत खिळ्यावर फिरतो, ते बूड. बहुतेक कारखान्यांचा ठसा तिथेच असतो. पातं उघडायला नख अडकवतो ती नखाची खाच. मुठीच्या टोकांना असलेले धातूचे ठोकळे म्हणजे बोलस्टर. मुठीच्या पट्ट्यांखाली पातळ धातूचं अस्तर असतं, जुन्या चाकूंत बहुधा पितळेचं किंवा लोखंडाचं. पाठीला लांब पट्टीची स्प्रिंग असते. तीच पात्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते. मुठीवर कधी जर्मन सिल्व्हरची (चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूची) छोटी ढाल जडवलेली असते.

चुंबक इथे कामी येतं. बोलस्टरला चिकटलं तर ते लोखंडाचं, नाही चिकटलं तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळेचं. मात्र पातं स्टेनलेस आहे का हे चुंबक सांगू शकत नाही. चाकूचं स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटतं. ते कळतं रंगावरून. साध्या कार्बन पोलादावर वापराने करडी-निळसर छटा चढते, स्टेनलेस मात्र पांढरंच राहतं.

ठसा कसा वाचायचा

पातं पूर्ण उघडा. जुनी स्प्रिंग फार ताठ असेल तर नख तुटतं, म्हणून खाचेत जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड घालून उचला. पक्कड लावली तर पात्यावर दात उमटतात आणि ते कायमचे राहतात. जाम झालेल्या सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा.

खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा. आडव्या उजेडात बुजलेली अक्षरंही सावली टाकतात. तरी वाचता आली नाहीत तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळून वरची पुसून टाका. खोलगटात पावडर राहते आणि अक्षरं पांढरी दिसतात. फोटो याच वेळी काढा. बुडाच्या दोन्ही बाजू पाहा, कारण मागे पुष्कळदा मॉडेलचा क्रमांक असतो. दोन-तीन पाती असतील तर प्रत्येकाचं बूड तपासा. एकावर शेफील्ड (इंग्लंडमधलं शहर) आणि दुसऱ्यावर झोलिंगेन (जर्मनीतलं) असेल, तर एक पातं नंतर बसवलेलं आहे.

आता ठशावरून काळ.

भारतात जुन्या घरांतून सर्वांत जास्त मान मिळालेलं नाव म्हणजे शेफील्डचे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. त्यांची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होणाऱ्या हातांचा क्रूस), पत्ता नंबर ६ नॉरफोक स्ट्रीट. १८२२ पासून ते राजघराण्याचे चाकूवाले होते, त्यामुळे ठशात मुकुट आणि राजाची आद्याक्षरं येतात. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी. आर. दिसलं की घाई करू नका. चौथा जॉर्ज १८२० ते १८३०, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२, तिघांचीही अक्षरं तीच. सोबत ‘इंग्लंड’ किंवा ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसावं शतक धरा. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि त्यानंतर ही अक्षरं सर्रास दिसू लागली.

भागांची जुळणी तपासण्याचं सर्वांत सोपं उदाहरणही इथेच आहे. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद बनवलं १९१३ मध्ये. तेव्हा व्ही. आर. आणि ‘स्टेनलेस’ एकाच पात्यावर असतील, तर तो चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असूच शकत नाही. रॉजर्सची नक्कल एकोणिसाव्या शतकापासूनच होत आली आहे. नावातलं एखादं अक्षर गाळलेलं, चांदणीच्या जागी फुलासारखं काहीतरी, क्रॉसचे हात सरळ, अशा खुणा भिंगातून शोधा. १९७१ मध्ये रॉजर्सने वॉस्टनहोम ही दुसरी जुनी कंपनी घेतली. दोन्ही नावं एकत्र दिसली की माल त्यानंतरचा. वॉस्टनहोमची खूण म्हणजे ‘आय’ आणि ‘एक्स एल’ यांच्यामध्ये चांदणी.

जर्मन मालात झोलिंगेन हे गावाचं नाव आहे, कंपनीचं नाही. नुसत्या त्या नावावर किंमत चढवू नये. हेन्केल्सची जुळी माणसं (ही खूण १७३१ पासूनची) किंवा बोकरचं झाड, असं काहीतरी सोबत हवं. १९३८ मध्ये कायद्याने हे नाव फक्त तिथल्याच मालासाठी राखून ठेवलं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९०. काळ्या पत्र्याच्या मुठीचा, मांजराची आकृती असलेला मर्केटर चाकू इथे कधीकधी दिसतो. त्याच्या निर्मात्याच्या नावात ‘इंडियावेर्क’ असा शब्द येतो. तो पाहून चाकू भारतात बनला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कारखाना झोलिंगेनचाच.

स्विस चाकूंत ‘व्हिक्टोरिया’ असा ठसा असेल तर तो लक्ष देऊन पाहावा. कार्ल एल्सनर यांनी आईच्या निधनानंतर १९०९ मध्ये हे नाव घेतलं आणि १९२१ मध्ये त्याचं व्हिक्टोरिनॉक्स झालं. ॲल्युमिनियमच्या मुठीचे सैनिकी चाकू १९६१ पासूनचे, आणि त्यांच्या मोठ्या पात्याच्या बुडावर वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. लाल मुठीचे साधे स्विस चाकू लाखोंनी बनले. भावनेपलीकडे त्यांना फारशी किंमत नसते.

फ्रेंच ओपिनेलमध्ये पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. कडी नाही म्हणजे त्याआधीचा, असं लगेच ठरवलं जातं. पण २ ते ५ क्रमांकाच्या लहान चाकूंना आजही कडी नसते, म्हणून आधी क्रमांक पाहा.

अमेरिकन केस कंपनीचा चाकू पुण्यात क्वचितच हाती लागतो, पण त्याचं वर्ष काढणं सर्वांत सोपं. ‘केस टेस्टेड’ हा ठसा १९२० ते १९४०, नुसतं ‘केस एक्स एक्स’ १९४० ते १९६४, खाली ‘यू एस ए’ जोडलेलं १९६५ ते १९६९. १९७० मध्ये नावाखाली दहा टिंबं आली आणि दरवर्षी एक कमी होत गेलं.

पुण्यात काय नजरेत ठेवावं

हे छावणीचं शहर आहे. कॅम्प आणि खडकीतल्या जुन्या घरांतून ब्रिटिश लष्कराचे दोरीला बांधायचे चाकू अजूनही निघतात. बोथट टोकाचं रुंद पातं, डबा उघडायचं हत्यार, पाठीला दोरीच्या गाठी सोडवायचा जाड टोच्या, काळी चौकटीदार मूठ आणि कडी. पात्यावर निर्मात्याचं नाव, वर्ष आणि सरकारी मालाची बाणाची खूण. १९३९ ते १९४५ मध्ये हे प्रचंड संख्येने बनले, म्हणून वर्ष वाचता येत असेल आणि टोच्या शाबूत असेल तरच भाव द्यावा. ‘पहिल्या महायुद्धातला’ म्हणून गळ्यात मारला जाणारा चाकू आधी वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहा.

दुसरा प्रकार बागायतीचा, आणि तो फार दुर्लक्षित आहे. गुलाबाचे आणि आंब्याचे डोळे भरण्यासाठी (कलम करण्यासाठी), छाटणीसाठी वापरलेले शेफील्डच्या सेनॉर कंपनीचे चाकू, जर्मन टीनाचे चाकू नर्सरीवाल्यांच्या घरांत पडून असतात. छाटणीचं पातं विळ्यासारखं आत वळलेलं. डोळे भरायच्या चाकूला साल उचलायची हाडाची किंवा शिंगाची चपटी जीभ असते. ती तुटलेली नसेल तर चाकू जपून ठेवण्यासारखा. असे चाकू वर्षानुवर्षं दगडावर घासले गेलेले असतात, त्यामुळे पूर्ण रुंदीचं पातं सापडणं विशेषच.

तिसरा प्रकार लोक भंगारात देतात: शिंपल्याच्या मुठीचा, पांढऱ्या मऊ पात्याचा फळं कापायचा घडीचा चाकू. त्याचं पातं चांदीचं असू शकतं. बुडापाशी चालणारा सिंह, शहराची खूण (शेफील्डचा मुकुट, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर) आणि वर्षाचं अक्षर शोधा. राणीचं डोकंही असेल तर १८९० किंवा त्याआधीचा. सराफ तो वजनावर घेईल. तसा कधीही देऊ नका, त्यात चांदी कमी असते आणि मोल कारागिरीचं असतं.

रामपुरी चाकूंना वरचं ठशाचं गणित लागू होत नाही. पुष्कळांवर नावच नसतं. पितळकाम, खटक्याची घट्ट पकड आणि पात्याचं घडकाम यावरच पारख होते. लांब पात्यांबाबत कायद्याचा भाग पुढे आहे, तो वाचूनच हात घाला.

मूठ कशाची आहे

भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि तुटक रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. प्लॅस्टिकमध्ये त्या नसतात. म्हशीच्या शिंगात लांब तंतू दिसतात आणि वयाबरोबर ते आक्रसतं, त्यामुळे खिळ्यापाशी फट पडते. हस्तिदंतात आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते. शिंपला हाताला गार लागतो आणि तिरका केला की रंग बदलतो. सांबराच्या शिंगाचा पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा खडबडीत, आणि दोन बाजू कधीच हुबेहूब सारख्या नसतात. त्या अगदी सारख्या असतील तर साचा समजा.

तापवलेली सुई टोचून पाहायची शिफारस अनेक जण करतात. ती करू नका. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, असेल तर भपकन पेटते, आणि कशाचीही असली तरी डाग राहतो. सेल्युलॉइड ओळखायला मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापरासारखा येईल. असा चाकू बाकीच्यांपासून वेगळा, मोकळ्या हवेत ठेवावा. जुन्या सेल्युलॉइडचं विघटन सुरू झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारची पाती आठवड्यांत गंजतात. चांगल्या पात्यावर मुठीच्या आतल्या बाजूनेच गंज दिसत असेल तर कारण बहुधा हेच.

दुरुस्ती आणि बनवाबनवी

ठसा पोलाद मऊ असताना, पाणी देण्याआधी (तापवून-विझवून कडक करण्याआधी) ठोकलेला असतो. म्हणून अक्षरांच्या कडा किंचित गोलसर असतात आणि खोलगटातली छटा आजूबाजूच्या पात्यासारखीच असते. पातं झिजलेलं आणि अक्षरं मात्र काल ठोकल्यासारखी कोरीव, तर संशय घ्या. आम्लाने कोरलेल्या अक्षरांचा तळ खरखरीत असतो, लेझरच्या अक्षरांत समांतर जळक्या रेषा दिसतात.

बोलस्टरवरचा खिळा जुन्या चांगल्या कामात दिसतच नाही, तो धातूत मिसळून घासलेला असतो. खिळ्याभोवती वर्तुळ दिसत असेल आणि तिथे घासल्याचे ओरखडे असतील तर चाकू उघडला गेला आहे. मुठीखाली डिंकासारखा चकचकीत पदार्थ दिसला तर तो आजचा इपॉक्सी. मिटलेल्या चाकूत पात्याचं टोक अस्तराच्या कडेखाली बसायला हवं. वर डोकावत असेल तर बुडाचा टेकू (मिटल्यावर स्प्रिंगवर टेकणारा उंचवटा) घासलेला आहे किंवा पातं दुसऱ्याचं आहे.

झीज मोजताना कॅलिपरने बुडालगत आणि मधोमध रुंदी मोजा आणि तशाच न वापरलेल्या चाकूच्या फोटोशी प्रमाण जुळवा. नखाची खाच धारेच्या जवळ आलेली दिसते का पाहा. पात्याचं सर्वांत रुंद अंग धारेच्या सुरुवातीपाशी न राहता पुढे सरकलेलं असेल, म्हणजे बुडालगत पोट आत गेलेलं असेल, तर धार पुष्कळदा लावलेली आहे. काठाला निळसर पट्टा असेल तर यंत्राच्या चाकावर पातं तापून त्याचं पाणी गेलेलं आहे.

शेवटी स्प्रिंग. पातं उघडताना आणि मिटताना शेवटी ‘टक्’ असा ठाम आवाज आला पाहिजे. ते मध्येच लोंबत असेल किंवा उघडल्यावर दोन्ही बाजूंना हलत असेल तर श्रेणी एकदम खाली येते. जुन्या स्प्रिंगा बदलता येतात, पण बदललेला चाकू मूळचा राहत नाही.

किंमत काढण्याचा हिशेब

संग्राहकांत रूढ असलेली श्रेणी अशी. कारखान्यातून आल्यासारखा, कधी न वापरलेला चाकू सर्वांत वर, त्याखाली किंचित हाताळलेला. ‘एक्सलंट’ म्हणजे पात्याची झीज १० टक्क्यांच्या आत, मूठ अखंड, स्प्रिंग ठाम. ‘व्हेरी गुड’ म्हणजे सुमारे २५ टक्के झीज आणि मुठीला बारीक तडा चालतो. ‘फेअर’ म्हणजे ५० टक्के झीज, ढिली स्प्रिंग, मुठीचे टवके. त्याखालचं सगळं सुट्या भागांसाठी. आपल्याच चाकूला श्रेणी देताना हात सैल सुटतो, म्हणून दुसऱ्याकडून एकदा तपासून घ्यावं.

आता भाव. विक्रेत्याने लावलेली किंमत ही फक्त त्याची इच्छा असते. ईबेवर विकून झालेल्या वस्तू दाखवणारा फिल्टर लावा आणि तोच निर्माता, तीच घडण, तीच मूठ असलेले निदान पाच व्यवहार लिहून घ्या. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडा, उरलेल्यांपैकी मधला धरा. समजा चांगल्या अवस्थेतल्या चाकूंचा मधला आकडा रुपयांत ७,००० निघाला. तुमच्याकडचा २५ टक्के झिजलेला, मुठीला केसाएवढा तडा. आमच्या मते अशा वेळी निम्म्यावर यावं, म्हणजे ३,५००. व्यापाऱ्याला विकायचा तर त्याचं भांडवल आणि जोखीम धरून २,००० च्या आसपास मिळाले तरी व्यवहार रास्त. परदेशातल्या भावात कुरिअर आणि जकात नसते, विकत घेताना ती वर चढवा. मूळ डबी, कागद, किंवा पूर्वीच्या मालकाचं कोरलेलं नाव असेल तर किंमत वाढते. मात्र ‘अमुक सरदारांचा’ अशी तोंडी कथा असेल तर तिचे पैसे देऊ नका, कागद मागा.

एक मत स्पष्ट सांगतो. झिजलेल्या रॉजर्सपेक्षा कमी प्रसिद्ध निर्मात्याचा अखंड चाकू नेहमी चांगला. नावाचा भाव चढतो-उतरतो, पूर्ण पात्याचा मात्र टिकतो.

कायदा

शस्त्र नियमांत घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक वापराची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती परवान्याच्या कक्षेत येतात. शहरात पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात, म्हणून संग्रहातला चाकू खिशात घेऊन फिरू नका. बाजारातून आणताना गुंडाळून, पावतीसकट पिशवीत आणा. हस्तिदंत, कासवाचं कवच, सांबर-चितळाचं शिंग यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. चाकू जुना असणं ही त्यातून सूट नाही. वारशाने आलेला असेल तर विकण्याआधी वकिलाला विचारा. १०० वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू पुरावशेष कायद्यात येतात. त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो.

जपणूक

ओळख पटल्यावर कानाच्या काडीने आणि टूथपिकने सांध्यातली मळी काढा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, पातं चार-पाच वेळा उघडून मिटा आणि बाहेर आलेलं काळं तेल पुसा. खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठतं आणि काही महिन्यांत चिकट होऊन स्प्रिंग जाम करतं. करडी छटा जशीच्या तशी ठेवा, ती गंज नाही. लाल-तांबूस, बोटाला लागणारा असेल तो गंज, आणि तेवढाच भाग तेल लावून पितळी पट्टीच्या कडेने हळूच खरवडा. हाडाची किंवा शिंगाची मूठ पाण्यात किंवा तेलात बुडवू नका, फुगून खिळ्यापाशी तडकते.

जून ते सप्टेंबर हा पुण्यातला काळ सर्वांत वाईट. कातडी म्यान ओल धरून ठेवतं आणि कातडं कमावताना वापरलेली रसायनं पोलाद खातात, तेव्हा चाकू आणि म्यान वेगवेगळे ठेवा. सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून पाहा. प्रत्येक चाकूसाठी वहीत ठशाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मिटलेली लांबी आणि पात्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, मुठीचा पदार्थ, दोष, कुठून आणि कितीला घेतला, आणि भाव काढलेली तारीख लिहून ठेवा. विमा उतरवताना किंवा वारसांना देताना नुसत्या चाकूपेक्षा या नोंदीलाच आधी मागणी होते.